उन्हाळीच्या नावाखाली

अणशी, तालुका जोयडा

मा. जिल्हा आरोग्य व कुटुंबकल्याण अधिकारी,
उत्तर कन्नड जिल्हा, कारवार, यांचे सेवेशी



मूत्राशयाच्या कर्करोगावर तीच शस्त्रक्रिया झालेली असताना स्त्रियांच्या वाट्यास पुरुषांहून उणे फळ का येते, हा प्रश्न वरवर पाहता मुंबई-बंगळूरच्या शल्यविशारदांनी आपापसांत चर्चावा असा आहे. त्यासंबंधी काळी नदीच्या खोऱ्यातल्या, राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात वसलेल्या एका खेड्यातून निवृत्त शाळामास्तरणीने जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांस पत्र धाडावे, हे कोणास आगाऊपणाचे वाटले तर मी त्यांना दोष देणार नाही. परंतु ह्या विषयावरचे जे हाती लागले ते वाचून, आणि आमच्या भागातल्या बायकांचे जे कानी पडले ते ऐकून, माझी अशी खातरी झाली आहे की, ज्या निकालाची नोंद मोठ्या रुग्णालयाच्या दफ्तरात होते त्याचा बराचसा भाग त्याआधी कित्येक महिने, शल्यवैद्याचे तोंडही पाहण्यापूर्वी, आपल्या अखत्यारीतल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एका चिठ्ठीवर ठरून गेलेला असतो. सबब हे पत्र बंगळूरला न पाठविता कारवारला पाठवीत आहे. त्याची कन्नड प्रत रीतसर टपालाने रवाना केली आहे. ही मराठी प्रत घाटावरच्या आणि घाटाखालच्या आमच्या शेजाऱ्यांनी वाचावी म्हणून छापावयास दिली.

हा रोग पुरुषांचा, असा सार्वत्रिक समज आहे, आणि संख्येच्या हिशेबाने तो खोटा नाही. 2022 साली जगभरात ह्या रोगाचे सुमारे 6 लाख 14 हजार नवे रोगी नोंदले गेले आणि सुमारे 2 लाख 20 हजार माणसे त्याने दगावली. रोग्यांत एका स्त्रीमागे तीन ते चार पुरुष असे प्रमाण सर्वसाधारणपणे आढळते. कारणेही उघड आहेत. तंबाखूचा धूर हे ह्या रोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण, आणि त्याच्या खालोखाल रंगाच्या व रसायनांच्या कारखान्यांतील काही द्रव्ये, ज्यांचा संशय 1895 साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन नामक शल्यवैद्याने तिथल्या रंगकामगारांचे रोग पाहून प्रथम बोलून दाखविला. विडी आणि कारखाना ह्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या मिराशीच्या असल्यामुळे हा रोगही त्यांच्याच नावे लागला. (आमच्या बायकांची तंबाखू मिश्रीच्या वा विड्याच्या रूपाने तोंडात जाते आणि तिची वसुली बहुधा मुखाच्या कर्करोगाने होते.) पण नेमका हाच हिशेब स्त्रियांच्या मुळावर येतो, कारण जो रोग स्त्रियांत क्वचित, तो स्त्रीला पाहताना वैद्याच्या मनात शेवटी येतो, आणि तो त्याच्या मनात येईपर्यंत रोग काही वाट पाहत बसत नाही.

ह्या रोगाची पहिली खूण बहुतेक वेळा एकच असते : लघवीवाटे रक्त जाणे, आणि तेही पुष्कळदा यत्किंचितही वेदना न होता. पुरुष उभा राहून लघवी करतो, त्याला धार दिसते, तिचा रंग पालटला की तो दचकतो आणि दुसऱ्या दिवशी निदान कुणाला तरी सांगतो. आमची बाई रानाच्या कडेला, अंधार पडल्यावर किंवा फटफटण्यापूर्वी, पदर सावरीत उकिडवी बसते, आणि आमच्याकडची माती तांबडी. तीत जे सांडले त्याचा रंग कोणता होता हे सांगण्यास साक्षीदार उरत नाही. आषाढ-श्रावणात तर तेवढाही प्रश्न नसतो, कारण पाऊस सारे क्षणात वाहून नेतो. ज्यांच्या घरी शौचकूप झाले त्यांना आता दिसू लागले आहे. पण दिसल्यावरही, पाळी जाऊन दहा-दहा वर्षे लोटलेली बाई ‘पुन्हा अंगावर जातंय’ असे समजून गप्प बसते, कारण ते सांगण्याची लाज तिला रक्ताच्या भीतीहून मोठी वाटते.

आणि ह्या रक्ताचा एक कावा आहे, जो मला तरी सर्व प्रकरणाची किल्ली वाटतो. ते सतत जात नाही. दोन दिवस जाते, मग आपोआप थांबते, आणि महिना-दोन महिने लघवी निवळशंख राहते. ह्या मधल्या काळात जो उपाय केलेला असेल त्याला यशाचे श्रेय मिळते. उन्हाळी लागली म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी, आमसुलाचे सार, वाळ्याचा काढा घेतलेला असो, अथवा दवाखान्यातून आणलेल्या पाच दिवसांच्या गोळ्या घेतलेल्या असोत, रक्त थांबले म्हणजे औषध लागू पडले, असा घरच्यांचाही ग्रह होतो आणि वैद्याचाही. पुढच्या खेपेस रक्त दिसले की तेच औषध पुन्हा, अधिक विश्वासाने, दिले जाते. स्त्रियांना मूत्रमार्गाचा जंतुदोष वारंवार होतो हे खरेच असल्यामुळे ह्या चुकीला शास्त्राचा आधारही लाभतो.

माझ्या ओळखीच्या एका बाईंनी, ज्यांचे गाव, नाव वा वय मी मुद्दाम लिहीत नाही, आपल्या चिठ्ठ्यांचे पुडके माझ्यापुढे सोडले. रेशनकार्डासाठी शिवलेल्या जाड प्लास्टिकच्या पाकिटात त्या घडी घालून ठेवलेल्या होत्या, आणि घड्यांच्या जागी कागद फाटायला आला होता. तारखांप्रमाणे त्या ओटीवर मांडल्या, तेव्हा सरकारी, खासगी, पुन्हा सरकारी अशा एकामागून एक चिठ्ठीवर तेच जंतुनाशक, कधी एका कंपनीचे तर कधी दुसऱ्या, आणि त्याजोडीस लघवीची आग शमविणारे तेच बाटलीतले औषध आढळले. एका चिठ्ठीमागे प्रयोगशाळेचा कागद टाचलेला होता. त्यावर तांबड्या पेशी ‘भरपूर’, पांढऱ्या पेशी नाममात्र, असा स्वच्छ शेरा होता. म्हणजे रक्त आहे पण जंतुदोषाचा पुरावा नाही, हे तिथे टंकलिखित होते आणि ते कोणी वाचले नव्हते. मधल्या एका टप्प्यावर, रक्त कुठून येते ह्याचा नीट उलगडा न होता, गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्लाही त्यांना मिळाला होता. (ह्या सल्ल्याची आपल्या मुलखात किती घाई असते हे बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार स्त्रियांच्या प्रकरणाने जगजाहीर केले, 2019 साली महाराष्ट्र सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली.) शेवटी जेव्हा मूत्राशयात दुर्बीण घालून पाहिले, तेव्हा गाठ अस्तर ओलांडून स्नायूत उतरलेली होती.

अस्तर आणि स्नायू ह्यांमधली ती सरहद्द किती मोलाची आहे हे आपणास मी सांगणे अनुचित. परंतु हे पत्र इतरही वाचणार असल्याने लिहिते. निदानाच्या वेळी साधारणतः चारांपैकी तीन रोग्यांची गाठ अस्तरापुरती असते, आणि तोवर ती दुर्बिणीवाटे खरवडून काढता येते, मूत्राशय जागच्या जागी राहते, आणि रोग उलटू नये म्हणून आत औषध सोडता येते. त्या औषधांत सर्वांत गुणकारी ठरलेले कोणते, तर आपण प्रत्येक तान्ह्या बाळाच्या डाव्या दंडावर टोचतो ती क्षयाची बीसीजी लस, जिचा हा उपयोग कॅनडातील अल्वारो मोरालेस ह्यांनी 1976 साली प्रसिद्ध केला आणि जी ह्याच कामासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. गाठ स्नायूत उतरली की मात्र बहुधा संपूर्ण मूत्राशय काढावे लागते, आणि ही शस्त्रक्रिया मोठ्या शस्त्रक्रियांतही मोठी गणली जाते.

आता विषयाच्या गाभ्याकडे येते. युरोप-अमेरिकेतील अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र करून झालेल्या अभ्यासांत, मूत्राशय काढल्यानंतर ह्याच रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण स्त्रियांत अधिक आढळले आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी त्यांचे रक्त अधिक जाते व त्यांना रक्त चढविण्याची पाळीही अधिक वेळा येते. त्याचे कारण काही अंशी शरीररचनेत असावे, काही अंशी अंतःस्रावांत असावे, असे संशोधक म्हणतात, आणि रोगाची अवस्था हिशेबात धरूनही काही अभ्यासांत थोडी तफावत शिल्लक राहते, हे मी झाकून ठेवीत नाही. परंतु मोठा वाटा विलंबाचा आहे, असे मानण्यास सबळ दाखले आहेत. अमेरिकेतील विमा-दाव्यांच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, लघवीत रक्ताची पहिली नोंद झाल्यापासून कर्करोगाचे निदान होईपर्यंत पुरुषांना सरासरी सुमारे 74 दिवस लागले, स्त्रियांना सुमारे 85; आणि मधल्या काळात ‘जंतुदोष’ हा शिक्का स्त्रियांच्या कागदांवर दुपटीहून अधिक संभवाने बसला होता. जिथे दर वळणावर तज्ज्ञ आहे त्या देशाची ही कथा. नॉर्वेच्या राष्ट्रीय नोंदवहीत तर असे दिसले की, स्त्रियांची पिछाडी मुख्यतः निदानानंतरच्या पहिल्या सुमारे दोन वर्षांतली आहे. पुढे ती टिकत नाही. स्त्रीदेह जात्याच ह्या रोगापुढे दुबळा असता तर ही दुर्बलता दोन वर्षांनी नाहीशी का व्हावी? उशिरा, वाढलेल्या अवस्थेत येणाऱ्यांचे मृत्यू लवकर घडतात, आणि त्यांतून तरून गेलेल्यांत मग ही पिछाडी उरत नाही, हाच अर्थ मला सरळ दिसतो. शिवाय गाठ स्नायूत असल्याचे कळल्यापासून शस्त्रक्रियेस तीन महिन्यांहून अधिक अवधी गेला तर फळ बिघडते, हे शल्यवैद्यांत आता सर्वसाधारणपणे मान्य आहे. आणि निदानापूर्वी ज्या बाईचे वर्ष गेले तिच्या घरातून हे तीन महिनेही पैसे, सोबत आणि नवऱ्याचा रुकार गोळा करण्यात किती सहज निसटतात, हे ह्या तालुक्यात राहणाऱ्यास सांगावे लागत नाही.

शस्त्रक्रियेनंतर काय होते ह्याविषयी पुस्तके त्रोटक असतात, म्हणून मी थोडी रेंगाळते. पुरुषाच्या शरीरातून मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट ग्रंथी जाते. स्त्रीच्या शरीरातून परंपरेने मूत्रमार्ग, गर्भाशय, बीजकोश आणि योनिमार्गाची पुढची भिंत एवढे सारे जात आले आहे, जरी रोग आटोक्यात असेल तेव्हा ह्यांतले काही राखावे असा कल आता वाढतो आहे. मग लघवीला वाट हवी. 1950 साली युजीन ब्रिकर ह्या अमेरिकन शल्यवैद्याने रूढ केलेली तजवीज अशी की, लहान आतड्याचा वीतभर तुकडा अलग करून दोन्ही मूत्रनलिका त्याला जोडायच्या आणि त्याचे तोंड पोटाच्या उजव्या अंगाला बाहेर काढायचे. त्यावर पिशवी चिकटवायची. आतड्याचेच नवे मूत्राशय घडवून जुन्या वाटेने लघवी करता यावी असाही मार्ग आहे. तो स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी वेळा देऊ केला जातो, आणि दिला तर त्यांच्यापैकी काहींना लघवी तुंबत असल्यामुळे स्वतःच्या हाताने नळी घालून ती काढावी लागते.

पिशवीचे तोंड कुठे काढावे ह्याची खूण शस्त्रक्रियेपूर्वी करतात. ती खूण बाई पलंगावर उताणी असताना केली, तर परकराची नाडी नेमकी तिथे येते. ती उभी राहिली, मांडी घालून बसली, चुलीपुढे ओणवी झाली आणि लावणीला वाकली, ह्या चारी प्रसंगी पोटाची वळी कुठे पडते हे पाहूनच ती व्हावयास हवी, आणि पाहणारी परिचारिका बाई असावी. आमच्या पावसाळ्यात पिशवीचा डिंक धरत नाही. चिकटवलेली कड घामाने व दमटपणाने सुटते, लुगडे भिजते, वास येतो, आणि ज्या बाईला हळदीकुंकवाला बोलावणे येत असे तिला ते येईनासे होते. इथे मला एक फरक दिसला आहे, जो कुठल्याही आकडेवारीत नाही. पुरुषाला पिशवी लागली की ती बदलण्याचे काम बायको शिकते, त्याच्या पथ्याची आणि फेरतपासणीच्या तारखेची आठवण ती ठेवते. स्त्रीला लागली की पिशवीही ती स्वतःच बदलते, आणि बदलून झाल्यावर सर्वांचा स्वयंपाक करते. फेरतपासणी चुकते ती बहुधा हिचीच, आणि फेरतपासणी चुकली म्हणजे उलटलेला रोग पुन्हा उशिराच सापडतो.

कोणी म्हणेल, बाई, कैग्याचे अणुवीज केंद्र तुमच्या घाटाखाली आहे, त्याविषयी का लिहीत नाही? त्या वादात मी ह्या पत्रापुरती शिरत नाही. रोग कशानेही झालेला असो, तो वेळेवर ओळखणे आपल्या हाती आहे. लघवीतले रक्त दरवेळी कर्करोगाचेच असते असेही कोणी समजू नये. मुतखडा असतो, जंतुदोष असतो; आणि विरळातल्या विरळ कारणांचा दाखला हवा असेल तर, गोगलगायींच्या पाण्यातून पसरणाऱ्या, मूत्राशयात ठाण मांडणाऱ्या एका कृमिरोगाचे ठिकाण 1952 साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी ह्या खेड्यात सापडले होते. तो रोग मिसरात मूत्राशयाच्या कर्करोगाचे मोठे कारण ठरलेला आहे. आणि कोकणच्या एका ओढ्याकाठी तो ओळखला गेला, तो कोणीतरी गावकऱ्यांच्या लघवीतल्या रक्ताचा नीट पाठपुरावा केला म्हणूनच.

पाठपुराव्याने काय साधते ह्याचे उदाहरण बार्शीचे आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या ह्या गावी 1987 साली ग्रामीण भागासाठी देशातली पहिली कर्करोग नोंदवही सुरू झाली. नोंदी घेणारे कार्यकर्ते खेडोपाडी फिरत, आणि फिरता फिरता कर्करोगाची लक्षणे कोणती हे लोकांना समजावून सांगत. कोणतेही यंत्र त्यांच्यासंगे नव्हते. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे दिसून आले आणि 1995 साली ते निष्कर्ष प्रसिद्धही झाले. बार्शीत दुष्काळ होता, आमच्याकडे जंगल आहे, बायका सारख्याच.

म्हणून माझी दरखास्त अशी आहे. आशा कार्यकर्त्या तीस वर्षांवरील माणसांच्या चौकशीसाठी घरोघर जातातच, आणि मुख, स्तन व गर्भाशयमुख ह्या तीन कर्करोगांची विचारपूस त्या करतातच. त्याच भेटीत, पुरुष मंडळी ओसरीवर नसताना, ‘लघवीतून कधी रक्त गेले का’ एवढे त्यांनी विचारावे. सरसकट सर्वांची तपासणी मी मागत नाही, ती शास्त्रालाही मंजूर नाही. दुसरे असे की, चाळिशी उलटलेल्या स्त्रीच्या लघवीत रक्त आढळल्यास जंतुनाशकाची एक फेरी खुशाल द्यावी, पण ती संपल्यावर लघवी पुन्हा तपासल्याखेरीज कागद निकाली काढू नये. रक्त राहिले असेल, अथवा कल्चरमध्ये जंतू सापडला नसेल, अथवा बाई त्याच तक्रारीसाठी दुसऱ्यांदा आली असेल, तर तिसरी चिठ्ठी न देता तिला सोनोग्राफी आणि दुर्बिणीच्या तपासणीसाठी पुढे पाठवावे, असे लेखी परिपत्रक आपण काढावे. सोनोग्राफी निर्दोष आली म्हणून प्रकरण बंद होऊ नये. लहान व सपाट गाठी तीत निसटतात, आणि मूत्राशयाची खरी रुजवात दुर्बिणीनेच होते. आणि ज्यांना पुढे पाठविले त्यांची एक वही असावी : रक्त प्रथम केव्हा दिसले, दुर्बीण केव्हा झाली, शस्त्रक्रिया केव्हा, आणि वर्षानंतर माणूस कसे आहे, स्त्री व पुरुष ह्यांचे रकाने वेगळे. ह्यास नव्या इमारतीची गरज नाही. मोठ्या रुग्णालयासाठी 2022 साली सारा जिल्हा आवाज उठवून बसला होता. ते झाले पाहिजे, मीही त्यात होते, परंतु ते होईपर्यंत ही वही थांबविण्याचे कारण नाही.

पुढे पाठवणे म्हणजे काय, तेही आपल्या ध्यानी असावे. जोयडा हा विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ तालुका. मूत्ररोगतज्ज्ञासाठी आम्हांला हुबळी गाठावी लागते, नाहीतर बेळगाव, नाहीतर कद्र्यावरून कारवार करून गोव्यातले बांबोळी. आणि पावसात अणशी घाटात दरड आली की त्यांतला एक रस्ता बंदच. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराची हमी आहे, पण तीन वेळा गाडीभाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि नंतर आयुष्यभर लागणाऱ्या पिशव्या ह्यांचा हिशेब घरालाच करावा लागतो. निदान सोनोग्राफी आणि दुर्बीण एकाच दिवशी, एकाच फेरीत, आटोपेल अशी तारीख केंद्रातूनच ठरवून मिळावी. आणि तालुका रुग्णालयातल्या एका तरी परिचारिकेस पिशवी लावण्याचे, त्वचा सांभाळण्याचे शिक्षण देऊन तिथे पिशव्यांचा साठा ठेवण्याची तजवीज व्हावी. वर ज्यांच्या चिठ्ठ्यांचा उल्लेख केला त्या बाई हे काम आता इतक्या सफाईने करतात की, त्या परिचारिकेला शिकविण्यास त्यांना बोलावले तर त्या येतील. मी विचारून ठेवले आहे. मात्र त्या दिवसाची मजुरी त्यांना मिळावी, अशी त्यांची अट आहे, आणि ती मला वाजवी वाटते.

आपले उत्तर कन्नड भाषेत आले तरी चालेल. मी ते बायकांना वाचून दाखवीन.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका